मावशीच्या घरातील माउझर : बंगालच्या क्रांतिपर्वातील दडवलेले शस्त्र आणि त्याची कथने

१. प्रश्नाची मांडणी

घरात शस्त्र ठेवणाऱ्याला परस्परविरोधी अशा दोन गोष्टी एकाच वेळी साधावयाच्या असतात. ते कोणाच्या नजरेस पडता कामा नये, आणि गरज पडताच ते हाताशी असले पाहिजे. ते जितके खोल दडवावे तितका ते काढण्यास वेळ लागतो. जितके जवळ ठेवावे तितका ते नको त्या हाती पडण्याचा धोका वाढतो. आज हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेतील घरांच्या संदर्भात चर्चिला जातो. घरातील बंदूक रिकामी करून, आणि सुटी करून वा चापाला कुलूप लावूनच ठेवावी, असा राजधानी वॉशिंग्टनमधील नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात रद्द ठरविला. अशी बंदूक ऐनवेळी स्वसंरक्षणाच्या कामी येत नाही, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. त्या चर्चेत शस्त्र लपवावयाचे असते ते मुलांपासून आणि चोरापासून. मालकाचा ते बाळगण्याचा हक्क तेथे गृहीत असतो.

वसाहतकालीन भारतात हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. येथे शस्त्र लपवावयाचे होते ते शासनापासून, आणि ते बाळगणे हाच गुन्हा होता. शिवाय ज्याच्या घरात ते दडवले जाई तो बहुधा त्याचा वापर करणारा नसे. वापरणारा एक आणि सांभाळणारी दुसरी, अशी ही विभागणी होती. ‘सांभाळणारी’ असे स्त्रीलिंगी रूप येथे हेतुपूर्वक योजले आहे. १९१४ साली कलकत्त्यात रोडा कंपनीची जी पिस्तुले क्रांतिकारकांच्या हाती पडली, त्यांतील काहींचा पुढील प्रवास बंगालमधील दोन स्त्रियांच्या चरित्रांतून जातो. दुकडीबाला देवी आणि ननीबाला देवी या त्या दोन स्त्रिया. प्रस्तुत निबंधात त्यांच्या कथा तीन प्रकारच्या संहितांच्या संदर्भात वाचण्याचा प्रयत्न केला आहे : महाकाव्य व कादंबरी, सरकारी अहवाल, आणि स्मरणपर लेखन. दडवणे आणि हाताशी असणे यांतील विरोध या स्त्रियांच्या घरांत कुलपाने वा चोरकप्प्याने सुटला नाही. तो नात्याने सुटला. त्या नात्याची किंमत कोणी चुकविली, हा या निबंधाचा विषय आहे.

२. दोन प्रतिमाने : शमीवृक्ष आणि क्रूसोची भिंत

भारतीय वाचकाच्या मनात दडवलेल्या शस्त्राची सर्वांत जुनी प्रतिमा विराटपर्वातील आहे. अज्ञातवासाच्या वर्षासाठी विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडव आपली आयुधे नगराबाहेर, स्मशानाजवळच्या शमीवृक्षावर ठेवतात. धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या जातात. नकुल वृक्षावर चढतो आणि पावसाचे पाणी जेथे पोहोचणार नाही अशी जागा पाहून आयुधे घट्ट बांधतो. मग त्या वृक्षाला एक प्रेत टांगले जाते. त्याच्या दुर्गंधीने लोक दूरच राहतील, हा त्यामागचा विचार. परंतु दुर्गंधीवर सगळा भरवसा टाकलेला नाही. वाटेतील गुराख्यांना पांडव सांगतात की ही आमची माता असून तिचे वय एकशे ऐंशी वर्षांचे होते आणि प्रेत असे वृक्षावर ठेवणे ही आमची कुलपरंपरा आहे.

दसऱ्याला शमीचे पूजन करून सीमोल्लंघन करणाऱ्या मराठी समाजाला ही कथा परिचित आहे. पण तिच्यातील एका तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. शस्त्रावरचे शेवटचे आवरण दोरीचे किंवा पानांचे नाही, ते एका वाक्याचे आहे. आणि त्या वाक्यातील कळीचा शब्द ‘माता’ हा आहे. मातेच्या देहाची कोणी झडती घेत नाही. वर्ष संपत आल्यावर कौरव विराटाच्या गाई पळवितात, तेव्हा स्त्रीवेषातील बृहन्नडा राजपुत्र उत्तराला त्याच वृक्षावर चढवते. उत्तर प्रेताच्या भयाने कचरतो. ही धनुष्ये आहेत, येथे प्रेत नाही, असा दिलासा मिळाल्यावरच तो वर चढतो. म्हणजे जे नाते परक्याला दूर ठेवते ते जाणत्याला अडवीत नाही. आयुधे वर्षभर दडलेली राहतात आणि युद्धाच्या दिवशी रणाच्या वाटेवरच सापडतात.

याच्या शेजारी इंग्रजी कादंबरीच्या आरंभकाळातील एक घर ठेवून पाहावे. डॅनियल डिफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’त (१७१९) वाळूत उमटलेले परके पाऊल पाहून हादरलेला क्रूसो आपल्या निवाऱ्याभोवती दुसरी भिंत घालतो. तिच्यात सात भोके ठेवून सात मस्केट बंदुका चौकटींवर बसवितो. दोन मिनिटांत त्या साऱ्या झाडता येतील अशी ती व्यवस्था आहे. नंतर भिंतीबाहेर तो झाडे लावतो, आणि काही वर्षांत तेथे इतके दाट रान माजते की आत घर आहे अशी शंकाही कोणाला येऊ नये. दडवणे आणि सज्जता यांचा मेळ येथेही घातलेला आहे, आणि वेळेचा हिशेबही नोंदलेला आहे. परंतु क्रूसो एकटा आहे. ज्याला कोणी नातलग नाही त्याला लाकूड, माती आणि झाडे यांवरच विसंबावे लागते. वस्तूच्या आड वस्तू लपविणे हे त्याचे तंत्र. पांडवांनी वस्तू नात्याच्या आड लपविली. पुढील विवेचनात ही दोन प्रतिमाने आधाराला घेतली आहेत.

३. कायदा : बाळगणे आणि लपविणे

१८५७च्या उठावानंतर भारतीयांच्या निःशस्त्रीकरणाचे जे धोरण सुरू झाले त्याला लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८च्या शस्त्रकायद्याने कायमचे रूप दिले. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला; मात्र कायद्याखालील नियमांनी युरोपियनांना त्यातून सूट दिली. अन्यायाचा हा भाग राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात पुष्कळदा सांगितला गेला आहे. येथे आपल्याला त्याच कायद्यातील दुसरा एक भेद पाहावयाचा आहे. कलम १९ प्रमाणे परवान्याविना शस्त्र बाळगण्यास जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा होती. परंतु ही गोष्ट सरकारी नोकरास कळू नये असा हेतू दिसून येईल अशा रीतीने ते बाळगले असेल, तर कलम २० लागू होई आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाई.

या तरतुदीचा घराच्या दृष्टीने अर्थ काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. खुंटीवर टांगलेली आजोबांची बंदूक आणि धान्याच्या कणगीत पुरलेले पिस्तूल यांत कायद्याच्या नजरेने मोठे अंतर पडले. घरातील जागेला हेतूचा अर्थ आला. एखादी वस्तू कोठे ठेवली आहे यावरून ठेवणाऱ्याचे मन वाचण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. सरकारची दृष्टी अशा रीतीने घराच्या कोनाकोपऱ्यांपर्यंत पोहोचली, तरी ती वस्तू आणि जागा यांच्यापुरतीच होती. भाचा मावशीकडे का आला, हा प्रश्न त्या दृष्टीला सहजासहजी सुचणारा नव्हता.

४. सरकारी अहवालातील पिस्तूल

२६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यातील रोडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीच्या एका कारकुनाने जकातघरातून शस्त्रे व दारूगोळा यांच्या २०२ पेट्या सोडवून घेतल्या. त्यांतील १९२ त्याने कंपनीच्या वखारीत पोहोचविल्या. उरलेल्या आणतो असे सांगून तो निघाला तो परतला नाही. पोलिसांत वर्दी गेली ती तीन दिवसांनी. गहाळ झालेल्या दहा पेट्यांत ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे होती. न्यायमूर्ती सिडने रौलट यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९१८च्या अहवालात हा तपशील दिलेला आहे. पिस्तुलांपैकी ४४ जवळजवळ लगेचच बंगालमधील नऊ गटांत वाटली गेली. दरोडे, खून किंवा तशा प्रयत्नांच्या ५४ प्रकरणांत त्यांचा वापर झाला. आणि अहवाल लिहिला जाईपर्यंत ३१ पिस्तुले सरकारने परत मिळविली होती.

या वृत्तान्तातील दोन तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की प्रत्येक पिस्तुलावर क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची नोंद कंपनीच्या दप्तरी होती. शस्त्र कितीही दूरच्या खेड्यात सापडो, ते याच पन्नासांपैकी आहे हे सिद्ध करता येत असे. सांभाळणाऱ्याचे नाव लपू शकले तरी शस्त्राला स्वतःची ओळख लपविता येत नव्हती. दुसरा तपशील त्या पिस्तुलाच्या रचनेचा. ते ज्या लाकडी पेटीत ठेवलेले असे, तीच पेटी मुठीला जोडली की पिस्तूल खांद्याला लावून रायफलीप्रमाणे झाडता येई. ठेवण्याचे साधन आणि वापरण्याचे साधन येथे एकच होते. शस्त्र म्यानात आहे की उपसलेले आहे हा जुना भेद या यंत्रयुगीन वस्तूने पुसट केला.

अहवाल हे सारे काटेकोरपणे सांगतो. किती पेट्या, किती पिस्तुले, किती गुन्हे, किती परत मिळाली, असा तो जमाखर्च आहे. एकाच पिस्तुलाने अनेक ठिकाणी काम केले असले पाहिजे, हेही त्या आकड्यांवरून ध्यानात येते. पण पिस्तूल दोन वापरांच्या मध्ये कोठे असे, हा प्रश्न त्या हिशेबात उमटत नाही. ५४ प्रसंगांतील प्रत्येक प्रसंग काही मिनिटांचा किंवा तासांचा असेल. उरलेले दिवस आणि रात्री ती पिस्तुले कोणाच्या तरी घरात होती. कपड्यांखाली, भांड्यांआड किंवा मातीखाली होती, आणि कोणीतरी त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. शस्त्राच्या आयुष्यातील हा दीर्घ काळ अहवालाबाहेर राहतो. त्याच्यासाठी आपल्याला दुसऱ्या संहितेकडे वळावे लागते.

५. मावशी : दुकडीबाला देवी

ही दुसरी संहिता म्हणजे क्रांतिकार्यात स्वतः सहभागी झालेल्या कमला दासगुप्ता यांचे लेखन. ‘रक्तेर अक्षरे’ हे त्यांचे आत्मकथन १९५४ साली, आणि ‘स्वाधीनता संग्रामे बांग्लार नारी’ हा स्त्री-स्वातंत्र्यसैनिकांचा चरित्रसंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. घटनांनंतर अनेक दशकांनी, आदरभावाने लिहिलेले असे हे साहित्य आहे. त्यामुळे ते वाचताना सावधगिरी बाळगलीच पाहिजे. मात्र सरकारी कागदांत ज्याला स्थान नव्हते ते घर या लेखनात प्रथमच दिसते.

दुकडीबाला देवी बीरभूम जिल्ह्यातील झाउपाडा या खेड्यातील गृहिणी होत्या. त्यांचा भाचा निबारण घटक क्रांतिकारकांच्या गटात होता. तो मावशीकडे येई, सोबत मित्र आणी, निषिद्ध पुस्तके आणी. तेही सारे त्यांना ‘माशीमा’ म्हणत. रोडा कंपनीच्या पिस्तुलांपैकी सात माउझर आणि काडतुसे त्याने मावशीच्या स्वाधीन केली. जानेवारी १९१७ मध्ये पोलिसांनी छापा घातला, शस्त्रे त्यांच्या हाती लागली आणि दुकडीबालांना अटक झाली. ती कोणी आणून दिली, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले नाही. तान्हे मूल घरी ठेवून त्या तुरुंगात गेल्या. त्यांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. शस्त्रकायद्याखाली शिक्षा झालेली भारतातील पहिली स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

बंगाली ‘मासी’ आणि मराठी ‘मावशी’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘मातृष्वसृ’पासून आलेले आहेत, आणि दोन्ही समाजांत या नात्याची सवलत सारखीच आहे. भाचा मावशीकडे केव्हाही येऊ शकतो. तो दुपारी आला तर जेवतो, रात्री आला तर राहतो. कशासाठी आलास, असे त्याला कोणी विचारीत नाही, शेजारीही विचारीत नाहीत. आता आरंभीचा प्रश्न पुन्हा समोर ठेवावा. दडवलेले शस्त्र योग्य माणसासाठी कोणत्याही घटकेला खुले आणि इतरांसाठी कायमचे बंद असले पाहिजे. हे काम करणारे यंत्र शोधावयाचे झाले तर फार खटपट करावी लागेल. मावशीचे घर ते काम काहीही न बदलता करीत होते. तेथे चोरकप्पा होता की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. मावशीला जो ओळखतो त्याच्यासाठी दार उघडे होते, आणि ज्याला ती ओळखत नाही त्याच्यासाठी ते एका गृहस्थाच्या घराचे दार होते.

मराठी वाचकाला येथे नाशिकचे प्रकरण आठवेल. १९०९च्या आरंभी विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुले पाठविली, ती पेटीच्या दुहेरी तळात दडवून. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, ‘संगीत शारदा’च्या प्रयोगप्रसंगी, अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंगच्याच. दुहेरी तळाची पेटी हे क्रूसोचे तंत्र : वस्तूच्या आड वस्तू. समुद्रप्रवासात आणि जकातघरात, जेथे प्रवासी एकटा आणि परका असतो, तेथे तेच उपयोगी पडते. शस्त्र खेड्यातील घरात पोहोचले की शमीवृक्षाचे तंत्र सुरू होते.

६. विधवेचे कुंकू : ननीबाला देवी

नात्याच्या या व्यवस्थेतील एक मोठा दोष दुसऱ्या कथेत प्रकट होतो. शस्त्राची जागा एकाच माणसाला ठाऊक असेल आणि तोच पकडला गेला, तर अतिशय चांगले दडवलेले शस्त्र गमावल्यासारखेच होते. १९१५ साली रामचंद्र मजुमदार हे क्रांतिकारक पकडले गेले, तेव्हा नेमके हेच घडले. एक माउझर त्यांनी कोठे ठेवले आहे हे सांगण्यास त्यांना सवड मिळाली नव्हती. पाच पांडवांना शमीवृक्ष ठाऊक होता. येथे जाणता एकच, आणि तो प्रेसिडेन्सी तुरुंगात होता.

ननीबाला देवी (१८८८–१९६७) या हावडा जिल्ह्यातील बाली येथील ब्राह्मण घराण्यातील. लहान वयात लग्न आणि सोळाव्या वर्षी वैधव्य आलेल्या या स्त्रीने आपला भाचा अमरेंद्रनाथ चट्टोपाध्याय याच्या प्रेरणेने क्रांतिकारकांना आश्रय देण्याचे काम पत्करले होते. त्या रामचंद्र मजुमदारांची पत्नी म्हणून तुरुंगात भेटीस गेल्या. भांगेत सिंदूर भरून, सौभाग्यवतीचा वेष घेऊन त्यांनी ती भेट घेतली आणि पिस्तुलाचा ठावठिकाणा विचारून आणला.

१९१५ साली उच्चवर्णीय बंगाली विधवेने सिंदूर लावणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील त्याच काळच्या विधवेच्या कुंकवावरून कल्पिता येईल. ज्या चिन्हाला पुन्हा स्पर्श करणे धर्मबाह्य मानले गेले होते, ते एका परपुरुषाच्या नावाने, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसमोर धारण करावयाचे होते. पकडले जाण्याची भीती त्यात होतीच. पण पकडले न जाताही समाजात जे गमवावे लागले असते ते कमी नव्हते. विराटपर्वातील अर्जुनाने वर्षभर स्त्रीवेष घेतला आणि शस्त्र हाती येताच तो आपल्या मूळ रूपाला परतला. ननीबालांना तसे परतता येण्याजोगे रूप उरले नाही.

पुढे चंद्रनगर येथे, फ्रेंचांच्या हद्दीत, त्यांनी गृहिणी म्हणून बिऱ्हाड थाटले आणि फरारी क्रांतिकारकांना तेथे आसरा दिला. पोलिसांचा ससेमिरा वाढल्यावर त्या पेशावरपर्यंत गेल्या. तेथे आजारी अवस्थेत त्या पकडल्या गेल्या. काशीच्या तुरुंगात त्यांचा छळ झाला. नंतर १८१८च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली त्यांना प्रेसिडेन्सी तुरुंगात राजबंदी म्हणून ठेवण्यात आले. ज्या तुरुंगात त्या एकदा खोट्या पत्नीच्या रूपाने शिरल्या होत्या, त्याच तुरुंगात त्या आता स्वतःच्या नावाने आल्या.

तेथील एक प्रसंग कमला दासगुप्तांच्या लेखनात आहे. ननीबालांनी अन्नत्याग केला होता. तो सोडताना त्यांनी आपला स्वयंपाक ब्राह्मण स्त्रीने करावा अशी अट घातली. सक्तमजुरीच्या कैदी म्हणून दळणकांडणाच्या कामाला जुंपलेल्या दुकडीबाला त्याच तुरुंगात होत्या. सोवळ्याची सबब पुढे करून ननीबालांनी त्यांना त्या कष्टांतून सोडवून आपल्याजवळ आणले. ज्या रूढीची चिन्हे त्यांनी पिस्तुलासाठी धाब्यावर बसविली होती, तिच्याच आडोशाने त्यांनी एका सोबतिणीला वाचविले. दोघींना एकत्र आणणारा दुवा रोडा कंपनीच्या दहा पेट्या हा होता, हे तुरुंगाच्या स्वयंपाकघरात बहुधा कोणाच्या मनातही आले नसेल.

७. ‘घरे-बाइरे’ : दुसऱ्या घराची तिजोरी

हे सारे घडत असतानाच, १९१५–१६ मध्ये, रवींद्रनाथ ठाकुरांची ‘घरे-बाइरे’ ही कादंबरी ‘सबुजपत्र’ मासिकातून क्रमशः येत होती. तिचा काळ स्वदेशी आंदोलनाचा आहे. तरी वाचणारा समाज माउझरच्या दिवसांतला होता. जमीनदाराची पत्नी बिमला ही संदीपच्या वक्तृत्वाने भारावून पतीच्या घरातील लोखंडी तिजोरीतून जावेचे धन काढते. बिमलाला दीदी म्हणणारा कोवळ्या वयाचा अमूल्य आपले पिस्तूल तिच्या स्वाधीन करतो. घरातील धन बाहेर जाते आणि बाहेरचे शस्त्र घरात येते. दोन्ही व्यवहार नात्याच्या विश्वासावर होतात. तिजोरीला कुलूप होते, पण किल्लीपर्यंत पोहोचणारे माणूस घरचेच होते.

रवींद्रनाथांनी येथे जो प्रश्न उभा केला तो स्मरणपर साहित्याला टाळता येत नाही. रोडाची पिस्तुले ज्या ५४ प्रकरणांत वापरली गेली, त्यांत दरोडेही होते, आणि ते बंगालमधील भारतीय गृहस्थांच्या घरांवर पडले. एका घराने ज्या शस्त्राला आसरा दिला, त्याच शस्त्राच्या धाकाने दुसऱ्या घराची तिजोरी उघडली. अहवाल दुसऱ्या घराची हकीकत सांगतो, स्मरणग्रंथ पहिल्या घराची. दोन्ही घरे एकाच कथनात आणण्याचे धैर्य त्या काळी कादंबरीने दाखविले. अमूल्यचा शेवट काय होतो, हे वाचकांना ठाऊकच आहे. तौलनिक अभ्यासाने या तीन संहिता शेजारी ठेवल्या नाहीत, तर प्रत्येक संहिता आपल्याला अर्धेच घर दाखवील.

८. सांभाळणारीच्या हाती शस्त्र

१९३०च्या दशकात ही व्यवस्था बदलू लागली. कमला दासगुप्ता स्वतः कलकत्त्यातील मुलींच्या एका वसतिगृहाच्या व्यवस्थापिका होत्या आणि तेथे त्या बाँबचे साहित्य सांभाळीत. मावशीच्या घराची जागा वसतिगृहाने घेतली. रक्ताच्या नात्याऐवजी मैत्रीचे व शिक्षणाचे नाते पुढे आले. १४ डिसेंबर १९३१ रोजी कुमिल्ला येथे शांती घोष आणि सुनीती चौधरी या शाळकरी मुलींनी जिल्हाधिकारी स्टीव्हन्स यांना गोळ्या घातल्या. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास यांनी गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर पिस्तूल झाडले. ते त्यांना कमला दासगुप्तांनी मिळवून दिले होते. सांभाळणारी आणि वापरणारी यांच्यातील अंतर येथे संपले.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत बीना दास, शांती आणि सुनीती यांची नावे आली, कारण त्यांनी शस्त्र चालविले. दुकडीबाला आणि ननीबाला यांची नावे त्या मानाने मागे राहिली, कारण त्यांनी ते सांभाळले. आपला इतिहास क्षणांची नोंद घेतो, कालावधीची घेत नाही. आणि घर हे कालावधीचे स्थान आहे. रौलट समितीने शस्त्रे मोजली. राष्ट्रीय इतिहासाने ती झाडणारे हात मोजले. दोन वापरांच्या मधल्या रात्री कोणी जागून काढल्या, याचा हिशेब दोघांनीही ठेवला नाही. स्मरणपर साहित्याचे मोल येथे आहे. त्याचा स्वर भाविक असेल, तपशील कोठे डळमळीतही असेल. पण स्त्रीला शस्त्र दडवण्याची जागा न समजता निर्णय घेणारी व्यक्ती मानण्याची सुरुवात त्यानेच केली.

९. समारोप

शमीवृक्षावरील आयुधांना जिचे नाव आवरण म्हणून दिले गेले, ती एकशे ऐंशी वर्षांची माता कधी अस्तित्वातच नव्हती. त्यामुळे त्या असत्याची झळ कोणाला लागली नाही. बंगालमधील मावशी खरी होती. तिला तान्हे मूल होते, गाव होते, शेजार होता. ज्या नात्याच्या आड शस्त्र दडवले गेले, ते नाते उघडे पडताच शिक्षा शस्त्राला झाली नाही, तिला झाली.

ननीबाला देवींची १९१९ मध्ये सुटका झाली. परवाने, झडत्या, क्रमांक आणि कलमे यांना पुरून उरलेली ही स्त्री बाहेर आली तेव्हा तिला आसरा देण्यास आप्त पुढे आले नाहीत. पुढील आयुष्य त्यांनी हलाखीत व उपेक्षेत काढले. आत्या, पत्नी, गृहिणी अशी एकेक नाती त्यांनी फरारी माणसांसाठी आणि एका दडवलेल्या पिस्तुलासाठी धारण केली होती, आणि त्या नात्यांनी इतरांसाठी दारे उघडली होती. त्यांच्या स्वतःसाठी मात्र त्यांतले एकही दार उघडले नाही.